चपलांच्या कपाटातला राऊटर

लेकीच्या नेटवर्किंगच्या क्लासची फी भरताना मी पावती दोन्ही बाजूंनी वाचली होती. उभी हयात बँकेत काढलेली बाई किराणा मालाच्या पावतीचीही मागची बाजू बघते. फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं, ओळखपत्र असे सगळे रकाने होते. 'विद्यार्थिनीने घरी आणून ठेवायची यंत्रसामग्री' असा रकाना कुठेच नव्हता. शिवाय सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की सरावासाठी सिस्कोचं 'पॅकेट ट्रेसर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पडद्यावर राऊटर मांडा, स्विच मांडा, वायरी ओढा आणि हवा तो गोंधळ घाला. पडद्यावरच्या राऊटरला जागा लागत नाही, वीज लागत नाही आणि तो आवाजही करत नाही. मला ही व्यवस्था एकदम पसंत होती.

लेकीला नव्हती. "आई, खऱ्या पेटीला हात लावल्याशिवाय काही कळत नाही," ती म्हणाली. पोळ्या लाटायला शिकायची वेळ आली तेव्हा याच मुलीने 'व्हिडिओ बघून येतं गं सगळं' असं मला ऐकवलं होतं.

खऱ्या पेट्या मिळतात लॅमिंग्टन रोडवर. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारलंत, तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा माणूसही आधी विचारात पडतो. मोठ्या कार्यालयांनी मोडीत काढलेले राऊटर आणि स्विच तिथल्या गाळ्यांतून थप्प्या लावून ठेवलेले असतात. मुलीबरोबर 'हे' गेले. ह्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, त्यामुळे वायर शिरते अशा कुठल्याही वस्तूतलं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज आहे. दुकानदाराने पेटीला वीज लावली, हिरवे दिवे लुकलुकले आणि तो म्हणाला, "चालू आहे, बघा." एवढीच परीक्षा. बँकेत आम्ही यापेक्षा जास्त चौकशी शंभराच्या फाटक्या नोटेची करायचो.

संध्याकाळी बापलेक डोंबिवलीला परतले ते एक राऊटर, दोन स्विच आणि केबलचा अख्खा खोका घेऊन. खोक्यावर लिहिलं होतं, ३०५ मीटर. आमचं घर साडेचारशे चौरस फुटांचं. नेटवर्कची केबल एका पट्ट्यात शंभर मीटरपर्यंतच चालते, असं मुलीनेच मला सांगितलं होतं. आमच्या घरात शंभर मीटर सरळ जायचं तर तीन शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून जावं लागेल. "खोका घेतला की मीटरमागे स्वस्त पडते," हे म्हणाले. उरलेल्या केबलवर आमचे कपडे वाळतात आणि कुंडीतला मनीप्लांट तिच्याच आधाराने छतापर्यंत पोचला आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आता प्रश्न होता, या पेट्या ठेवायच्या कुठे. कार्यालयांतल्या पेट्या बंद खोलीत राहायला बनवलेल्या असतात. त्यांच्यातले छोटे पंखे अशा काही आवेशाने फिरतात, की माणसाने त्यांच्या शेजारी झोपावं ही कल्पना बनवणाऱ्याला शिवलेलीच नसावी. पहिल्या रात्री त्या टीव्हीखाली होत्या. दुसऱ्या दिवशी दिवाणाखाली गेल्या. त्या दिवाणावर सासूबाई झोपतात, म्हणून तिसऱ्या दिवशी तिथूनही निघाल्या. माळ्यावर उकाडा. शेवटी मुलीची नजर दाराशी असलेल्या चपलांच्या कपाटावर गेली. त्याची दारं आडव्या पट्ट्यांची. चपलांचा वास कोंडू नये म्हणून सुताराने ती तशी केली होती. पण त्याच पट्ट्यांमधून हवा खेळते, पंख्यांना हवी तशी. जवळच प्लग आहे आणि इंटरनेटची वायरही तिथूनच घरात शिरते. "परफेक्ट!" मुलगी म्हणाली. आमच्या चपला बाहेर पॅसेजमध्ये गेल्या आणि राऊटर कपाटात गेला.

मला मात्र आठवण झाली ती आमच्या शाखेतल्या काचेच्या खोलीची. मी १९८६ साली बँकेत लागले. त्याआधी दोन वर्षं, १९८४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला होता. आमच्या युनियनचा यंत्रांना कडाडून विरोध, आणि छातीला बिल्ले लावून आम्हीही विरोधात. पुढे काही वर्षांनी 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' आमच्या शाखेत आलंच. ज्यांनी बिल्ले लावले होते त्यांनीच नारळ फोडला. शाखेतला एकमेव एसी त्या यंत्राला मिळाला, मॅनेजरसाहेब पंख्याखाली. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून दाराबाहेर चपला काढून आत जायचं. एका शिपायाने आत पाऊल टाकताना हात जोडलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्या खोलीत आवाज चढवून बोललं तरी लोक वळून बघायचे. आणि आज तसलीच यंत्रं माझ्या पावसाळी सॅंडलच्या कप्प्यात बसली होती. पण सासूबाईंनी बरोबर दाखवून दिलं, की तेव्हाही चपला बाहेर आणि संगणक आत होता, आताही चपला बाहेर आणि संगणक आतच आहे. यात विटाळ कुठे आला?

विजेचा हिशेब मी लगेच मांडला. तिन्ही पेट्या मिळून शंभर वॅट धरले, तर चोवीस तासांत अडीच युनिटांच्या आसपास. महिन्याला सत्तरच्या वर. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांनंतर दर चढतो, आणि आमचं घर त्या रेषेच्या अलीकडे मोठ्या संयमाने राहत आलं आहे. तेव्हा 'प्रयोगशाळेची वेळ संध्याकाळी सात ते दहा' अशी पाटी मी कपाटाच्या दारावर लावली. बँकेची वेळ संपल्यावर ग्राहक जितक्या विनवण्या करतो तितक्याच रोज दहा वाजता होतात, आणि बँकेत चालायच्या तितक्याच चालतात.

केबलला टोकं बसवण्याचं काम नाजूक. केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात. त्या सुट्या करायच्या, सरळ करायच्या, ठरलेल्या रंगक्रमाने ओळीत धरायच्या, पारदर्शक पिनेत सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. एक तार चुकली की पीन कापून फेकून द्यायची, कारण दाबलेली पीन परत उघडत नाही. मुलीने पहिल्या संध्याकाळी फरशीवर पिनांचा सडा घातला. ह्यांना चष्म्यातून तपकिरी आणि नारिंगी सारखेच दिसतात. मग सासूबाई पुढे झाल्या. वय ब्याऐंशी, सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. त्यांनी क्रम दोनदा ऐकला आणि पाठ करून टाकला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सकाळच्या स्तोत्रानंतर हाही त्यांनी एकदा म्हणून घेतला. त्यांची पहिलीच पीन बरोबर बसली. तपासणीच्या यंत्रावर आठही दिवे ओळीने लागले.

मग त्यांनी शंका काढली. "अगं, नारिंगी नारिंगीजवळ, तपकिरी तपकिरीजवळ. मग बिचाऱ्या हिरव्याच्या जोडीत हे निळे का घुसलेत?"

मुलीला सांगता येईना; क्लासमध्ये क्रम पाठ करून घेतला होता, कारण नाही. वर्तमानपत्राच्या आडून हे म्हणाले, "ती टेलिफोनची जोडी आहे." टेलिफोनच्या केबलमध्ये पहिली जोडी निळी, आणि टेलिफोनच्या पिनेत ती मधोमध बसते. संगणकाच्या तारा आल्या तेव्हा टेलिफोनची ती मधली जागा तशीच ठेवली, आणि हिरव्या जोडीला तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहावं लागलं. एवढं सांगून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं, पण ते वाचत नव्हते हे मला दिसत होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या खात्याला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून टेलिफोनच्या तारा बसवायचं आपलं जुनं क्रोन टूल काढून, पुसून, कपाटाच्या दाराला टांगून ठेवलं. ते कशालाही लागत नाही.

घरातला टीव्ही आणि संगणकही आता याच स्विचना जोडलेले होते. एका संध्याकाळी टीव्हीवरचं कीर्तन अर्ध्या अभंगावर गोठलं, ह्यांचा संगणक थिजला आणि स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत पिसाटल्यासारखे लुकलुकू लागले. मुलगी आनंदाने ओरडली, "झालं! स्टॉर्म आलं!" तिने दोन स्विचमध्ये मुद्दाम दोन केबली जोडल्या होत्या आणि असा फेरा तोडणारी यंत्रणा बंद केली होती. अशा फेऱ्यात सापडलेला संदेश संपत नाही. त्याला कितीदा फिरायचं याची मर्यादाच नसते, तो फिरत राहतो, त्याच्या प्रती होतात, त्या फिरत राहतात, आणि शेवटी कुणालाच काही ऐकू जात नाही. यावरचा इलाज रेडिया पर्लमन नावाच्या अमेरिकन बाईने १९८५ साली काढला. स्विच आपापसांत बोलून एकाला मुख्य ठरवतात आणि जास्तीची वाट आपणहून मिटून घेतात. त्या बाईने या इलाजावर कविताही केली आहे. मुलीने यंत्रणा परत चालू केली, कीर्तन पुढे सरकलं. "कुणीतरी एकाने गप्प बसायचं, हे शोधून काढायला बाईच लागली," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मी अजून विचारलेलं नाही.

यानंतर घराची वाटणी झाली. क्लासमध्ये व्ही-लॅन शिकवलं होतं. म्हणजे स्विच एकच, पण त्याच्या पोटात वेगवेगळे गट पाडायचे. एका गटातल्या यंत्राला दुसऱ्या गटातलं यंत्र दिसतसुद्धा नाही. प्रत्येक गटाला नंबर. सासूबाईंना वयाच्या मानाने एक नंबर हवा होता. मुलगी म्हणाली, "आजी, एक नंबर आधीपासून असतोच, पण त्यात कुणाला ठेवू नये असं जाणकार सांगतात." सासूबाईंना दहा मिळाला, ह्यांना वीस, मला तीस आणि तिला चाळीस. सासूबाईंच्या गटात टीव्ही. ह्यांच्याकडे संगणक, माझ्याकडे प्रिंटर. इंटरनेटची वायर कुणाच्या वाट्याला आली? जिने वाटण्या केल्या तिच्या.

"म्हणजे एका घरात चार चुली," सासूबाईंनी समजून घेतलं. त्यांच्या माहेरच्या वाड्यात अशाच झाल्या होत्या, आणि तिथेही पाण्याचा नळ धाकट्याकडेच गेला होता.

ह्यांनी पेन्शनचा कागद छापायला दिला, तो निघाला नाही. संगणकाच्या मते घरात प्रिंटरच नव्हता. मी त्याच्याच शेजारी बसून चहा पीत होते. सासूबाईंचं कीर्तन बंद. मुलगी शांतपणे म्हणाली, "दोन गटांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मध्ये राऊटर लागतो. याचं त्याला, त्याचं याला पोचवायला."

या घरात ते काम कोण करत आलं आहे हे मी तिला सांगितलं नाही. ह्यांचं म्हणणं सासूबाईंना, सासूबाईंचं ह्यांना आणि दोघांचं मुलीला पोचवण्याचं काम मी लग्नापासून वीजजोडणीशिवाय करते आहे.

पण राऊटर उघडेना. त्याला आधीच्या मालकाचा पासवर्ड होता. मुलीने फिकट निळी चपटी केबल काढली, ती आजकालच्या लॅपटॉपला लागत नाही म्हणून मध्ये आणखी एक तुकडा जोडला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. यावर उपाय असा: राऊटर चालू होताना पहिल्या मिनिटात ब्रेकची कळ दाबायची आणि आतल्या रजिस्टरमधला २१०२ हा आकडा बदलून २१४२ करायचा. रजिस्टर म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. २१४२ घातलं की राऊटर जुनं काही न वाचता उठतो, पासवर्ड विचारत नाही. जुनं मात्र आत तसंच लिहिलेलं असतं.

ते मुलीने वाचायला घेतलं. राऊटरचं नाव एका गावाच्या नावापुढे 'ब्रँच' असं होतं. एका ओळीवर 'एटीएम' लिहिलेलं, दुसरीवर 'हेड ऑफिस', आणि खाली सगळ्या यंत्रांचे अंतर्गत पत्ते ओळीने. पासवर्डही होते, पैकी एक उघडा. तो त्याच गावाचं नाव होता.

एका बँकेची शाखा माझ्या चपलांच्या कपाटात येऊन बसली होती. ती माझी बँक नव्हती, एवढंच सांगते. नाव सांगणार नाही. मुलीला गंमत वाटत होती. मला दरदरून घाम आला. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, दोन अधिकाऱ्यांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. इथे अख्खी शाखा लॅमिंग्टन रोडवर वजनाच्या भावात विकली गेली होती, आणि खरेदी करणाऱ्याने फक्त हिरवा दिवा बघितला होता.

मी तिथल्या तिथे कारवाई केली. हे आणि सासूबाई साक्षीदार. मुलीने माझ्यासमोर 'राइट इरेझ' असा हुकूम दिला. यंत्राने एकदा विचारलं, खरंच पुसू का? मी पडदा नीट वाचला आणि 'हो' म्हटलं. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला, आत काही उरलं नाही याची खात्री केली, रजिस्टर परत २१०२ वर आणलं. वहीत तारीख, वेळ आणि तिघांच्या सह्या. मुलगी म्हणाली, "आई, अगं, एवढं कोण करतं?" कुणी करत नाही, म्हणून तर ती शाखा आमच्याकडे आली.

मुलीने कोऱ्या राऊटरला चारही गट शिकवले, तशा चारही चुली एकमेकींना दिसू लागल्या. ह्यांचा पेन्शनचा कागद दोनदा छापून आला.

तेव्हा वाचकांपैकी जे कुणी बँकेत, कचेरीत, पतपेढीत किंवा शाळेत जुनी यंत्रं मोडीत काढण्याच्या कागदावर सही करतात, त्यांना माझी विनंती आहे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आतलं पुसून घ्या, दोन साक्षीदारांसमोर पुसा आणि वहीत लिहून ठेवा. आणि पुसून झालेल्या पेट्या स्वस्तात द्यायच्या असतील, तर कृपा करून आमच्या मुलीच्या कानावर घालू नका. चपला आधीच पॅसेजमध्ये आहेत आणि सोसायटीची नोटीस आली आहे.