मान टाकली म्हणजे तहान लागली असं नाही

अहो वहिनी, थांबा, थांबा! तो तांब्या खाली ठेवा आधी. कधीची बघतेय मी भिंतीपलीकडून. सकाळी दारात कोलमची रांगोळी घालायला बाहेर आले तेव्हाही त्याच कुंडीत पाणी घालत होतात, आता पुन्हा? त्या झाडानं मान टाकलीय ती तहानेनं नाही हो. बुडतंय ते.

द्या बघू इकडे. द्या भिंतीवरून, नाही पाडत. हं. हे खालचं पान बघा. नुसतं बोट लावलं आणि गळून हातात आलं. पिवळट, आरपार दिसेल असं, आणि दाबलं की आतून पाणी येतंय. तहानलेलं पान असं नसतं. ते पातळ होतं, सुरकुततं, वाकवलं तरी चटकन मोडत नाही. तसं असेल तर पोटभर पाणी द्यायचं, दोन दिवसांत टवटवी येते. अगदी खालची एखाददोन पानं कागदासारखी वाळली तर मात्र घाबरायचं नाही. ती म्हातारी पानं, त्यांचं ते वय झालेलं असतं.

पण यात एक मेख आहे. मुळं सडली तरी पानं सुरकुततात, कारण मग पाणी पिणार कोण? म्हणून पान बघायचं आणि लगेच मातीत बोट खुपसायचं. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं, तर तहान. माती ओली आणि तरी पान सुरकुतलेलं, तर मुळांचा निकाल लागलाय. समोरच्या बिल्डिंगमधल्या साहेबांनी नेमकी अशीच जेडची मोठी कुंडी घालवली. सुकतंय, सुकतंय म्हणत रोज पाणी! कुंडी बायकोच्या माहेरची होती म्हणे. बरेच दिवस त्या घरात कॉफीचे पेले जरा जोरातच आपटत होते. मी सांगितलं म्हणू नका हं.

आणि ही कुंडी कसली? चिनी मातीची, गुळगुळीत, खाली भोकच नाही! पाणी जाणार कुठे? वर सगळा नर्सरीचा कोकोपीट. तो पाणी धरून बसतो आणि एकदा कडक वाळला की पाणी आत शिरू देत नाही, नुसतं कडेनं वाहून जातं. उपटू का? उपटतेच. बघा, मुळं तपकिरी झालीत, ओढली की साल सुटून येतेय. देठही खाली काळा पडलाय. वरचा गुच्छ मात्र घट्ट आहे, म्हणजे वाचेल.

कात्री आणा, स्पिरिटनं पुसून. काळा भाग सगळा उडवायचा. कापलेल्या जागी आत एक तपकिरी ठिपकासुद्धा दिसता कामा नये. दिसला की आणखी वर कापायचं, जीव तुटला तरी. मग हा गुच्छ सावलीत, वारा लागेल असा, तीन-चार दिवस नुसता ठेवून द्या. घाव सुकला की कोरड्या मातीवर टेकवा आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढू नका. माती अर्धी बागेची, अर्धी जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे. कुंडी साधी मातीची, भोकाची. वाळू मात्र इलियट्स बीचवरून आणू नका हं. हसू नका, अड्यारमध्ये राहणारे आणतात लोक! त्यात मीठ असतं, उरलंसुरलं झाडही मरतं. बोअरचं पाणीही इथलं जडच. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तो त्या पाण्याचाच. पावसाचं पाणी धरून ठेवलंत तर उत्तम.

पावसावरून आठवलं. तुमचं सगळं पुण्याचं वेळापत्रक चाललंय. दसरा झाला, पाऊस संपला, आता झाडांना पाणी वाढवा! इथे चेन्नईत उलटं आहे हो. वर्षाला साधारण 1400 मिलिमीटर पाऊस, त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर. तिकडे थंडी पडायला लागते तेव्हा इथे कुंड्या उचलून छपराखाली आणायच्या. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं, तेव्हा गच्चीवर राहिलेल्या कितीतरी कुंड्यांचा चिखल झाला.

दुसरं म्हणजे उजेड. तुमचं झाड लांबच लांब वाढलंय, पानं खाली झुकलीत, ती उजेडासाठी. सकाळचं ऊन द्या. पण मेमधल्या कत्तिरीत, म्हणजे ऐन कडक उन्हात एकदम ठेवलंत तर पानं भाजतात, तेव्हा हळूहळू सरकवा. आणि पानांच्या बेचक्यात हे कापसासारखं पांढरं दिसतंय ना, तो मिलीबग. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्या. शेजारच्या कुंडीत जायला वेळ नाही लावत तो.

पाणी कधी द्यायचं म्हणता? वार ठरवून नाही. बोटाला माती आतपर्यंत कोरडी लागली की. कोपऱ्यावरच्या मामींच्या दाराशी वर बघितलंत कधी? दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलीय, त्यांची कत्ताळै. मुळं वर, पानं खाली. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन्‌महिने जगते, शेंडा वळवून वर वाढते. 2019 च्या उन्हाळ्यात तलाव आटले, तण्णी लॉरीसाठी, म्हणजे पाण्याच्या टँकरसाठी, आपण रांगेत घागरी ठेवत होतो, कढीपत्तासुद्धा वाळला. कोरफडीला काही झालं नाही.

तुमचं हे गुलाबासारखं दिसणारं एचेव्हेरिया मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. ही जाड पानांची मंडळी दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. इथे मे-जूनमध्ये रात्रीसुद्धा पारा सहसा 27-28 च्या खाली उतरत नाही, वर ही समुद्राची दमट हवा. त्यानं श्वास घ्यायचा कधी? नर्सरीवाला हे सांगत नाही, त्याला विकायचं असतं. बंगळूरला, उटीला चांगलं होतं ते. इथे वाचेल, पण रमणार नाही.

आता हे जगवा, पण पुढचं आणताना अडेनियम आणा. चेन्नईचं ऊन त्याला मानवतं, फुलंही भरपूर येतात. फक्त पावसात त्यालाही आडोसा द्या, आणि तो तांब्या माझ्याकडे देऊन ठेवा.