कपबशी, छत्री आणि उणे साठ

उजनी धरण मृतसाठ्याच्या वर, म्हणजे प्लसमध्ये आलं की आमच्या पट्ट्यात उसाची लागण होते आणि निवडणूक लागली की जलतज्ज्ञांची. गावाचं नाव सांगत नाही. सरपंचपदाचे तिन्ही उमेदवार भावकीतले आहेत. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून सध्या माणसंच चिन्हानं ओळखली जातात: कपबशी, छत्री आणि शिट्टी.

कपबशीचं धोरण एका ओळीचं आहे. 'उजनीचा थेंब खाली सोडू देणार नाही.' २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. मोटारी खाली सरकवत, केबल जोडत, गाळात चाऱ्या खोदत आम्ही पाण्यामागं पळत होतो, तेव्हाही कपबशी हेच म्हणत होती. पाणी ऐकत नव्हतं. ते कधी आणि किती सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, आणि तिथं सरपंचाला चहासुद्धा कुणी विचारत नाही. तरी २०२१ साली इंदापूरला ५ टीएमसी द्यायचा निर्णय आंदोलनानंतर रद्द झाला, तो म्हणे कपबशीनं मांडलेल्या ठरावामुळंच. पत्रकात तसं छापलंय. ठराव क्रमांकाची जागा तेवढी कोरी आहे.

छत्रीनं पूल घेतलाय. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली, सहा जीव गेले. तेव्हापासून भीमेवर पूल टाकल्याशिवाय इकडं कुणाचं भाषण संपत नाही. छत्रीचा पूल चौपदरी आहे, वर दिवेही आहेत. ते काम राज्य सरकारचं. धक्क्यावर लाइफ जॅकेट ठेवावेत, वारं सुटलं की बोट सोडू देऊ नये, एवढ्यासाठी मंत्रालय लागत नाही. छत्रीला तसं सुचवलं. "एवढ्या बारक्या कामासाठी सरपंच कशाला व्हायचं, भाऊ?"

शिट्टी तरुण आहे, पुण्यात कंपनीत होती. तिचा जाहीरनामा मोबाईलवरच येतो. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गाड्या येतात, मग आपल्याकडं का नको? नौकाविहार, होम-स्टे, चिलापी फ्राय. कल्पना वाईट नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून आमच्यापर्यंत बिनबोभाट पोचतंच. आता पुणेकरही येतील, आणि हिरव्या पाण्यासमोर उभे राहून फोटो काढतील.

मी तिघांनाही नळाचं विचारलं. १९८० ला धरण झालं, जमिनी गेल्या, देवळं बुडाली, उठवलेली गावं माळावर बसली. शंभरावर टीएमसीच्या काठाला आम्ही प्यायला जार विकत आणतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले. त्यांचं काय करणार? कपबशी आणि छत्रीनं आपापलं पत्रक उलटून पाहिलं. मागं नेत्यांचे फोटो होते. शिट्टी म्हणाली, "लिंक पाठवते."

एका बाबतीत मात्र तिघांची कामगिरी चोख. उमेदवारी अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, म्हणून तिघांनी एकाच आठवड्यात घरपट्टी आणि पाणीपट्टी चुकती केली, तीही मागची सगळी. ग्रामपंचायतीत भाऊसाहेब पावत्या फाडून दमले होते. म्हणाले, "अजून चार-पाच जण उभे राहिले असते, तर दिवाबत्तीचं बिलही निघालं असतं."