दोन घरचा पाहुणा

अकरावीच्या गणिताचा तास चाळीस मिनिटांचा. परवा त्यातली पहिली अकरा मी प्रोजेक्टरच्या निळ्याशार पडद्याकडे बघत काढली. त्यावर एवढंच लिहिलेलं : 'नो सिग्नल'. समोर साठ मुलं. टेबलावर डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे टॅब, दोघांची बॅटरी भरलेली, आणि मधे मी, दोन घरचा पाहुणा.

"एक यंत्र पुरत नाही का?" असं घरच्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे विचारतात. नाही पुरत. लॅपटॉपवर गणित टाइप करून बघा. वर्गमुळाच्या चिन्हाखाली एक अपूर्णांक बसवेपर्यंत मागच्या बाकावर डबा खाऊन होतो. टॅबवर पेनाने सरळ लिहिता येतं. पण जिओजेब्रातले आलेख, बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सहा वर्षं जमवलेल्या पीपीटी, सगळं घबाड लॅपटॉपच्या पोटात. म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरला लावायचा, टॅब बिनतारी लॅपटॉपला लावायचा आणि आपण टॅब घेऊन वर्गभर हिंडायचं. ॲपलने २०१९ मध्ये साइडकार आणून आयपॅडला मॅकचा दुसरा पडदा केलं. बाकीच्यांसाठी मिराकास्ट आहे, स्पेसडेस्क आहे.

आणि जमतं त्या दिवशी खरोखर बहार येते. माझी पाठ वर्गाकडे नसते, त्यामुळे कोण झोपलंय ते दिसतं. शेवटच्या बाकापाशी जाऊन "हं, पुढची पायरी तू लिही" म्हणत पेन हातात देता येतं. फळ्यापर्यंत चालत यायचं म्हटलं की जिचे पाय जड होतात, ती मुलगी जागेवर बसून समीकरण सोडवते आणि तिचं अक्षर भिंतीवर दिसतं. मी ही सगळी सर्कस करतो ती तिच्यासाठी.

'जमतं त्या दिवशी' हे शब्द कोटेशनात मात्र नसतात.

लॅपटॉप एका अनुदानातून आला, टॅब तीन वर्षांनी दुसऱ्यातून. त्या दोघांची गाठ घालून देणारी वायर कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही. प्रोजेक्टर व्हीजीएच्या जमान्यातला, लॅपटॉपला ते भोकच नाही. कन्व्हर्टर मागितला तर ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "सर, तो किरकोळ खर्चात येतो. आणि किरकोळ खर्च मार्चलाच संपला." हे संभाषण जुलैतलं आहे. साडेतीनशे रुपये माझ्या खिशातून गेले. कन्व्हर्टर मी रोज घरी नेतो, डब्याबरोबर.

मग वायफाय. कॉलेजच्या वायफायवर बहुधा अशी तटबंदी असते, की जोडलेल्या एका यंत्राला दुसरं दिसू नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच. पण माझा लॅपटॉप आणि माझा टॅब एकाच टेबलावर वीतभर अंतराने बसून एकमेकांना ओळख देत नाहीत, भाऊबंदकीची केस चालू असल्यासारखे. उपाय म्हणजे स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणजे तिसरं यंत्र. एकदा मोबाइलवरचं सगळं टॅबवर आणि टॅबवरचं सगळं भिंतीवर उमटत होतं, हे मला कळलं ते स्टाफरूमच्या ग्रुपवरचा निरोप भिंतीवर झळकला तेव्हा : साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आहेर पाचशेचा की हजाराचा? वर्गाने एकमुखाने पाचशे सांगितलं.

टॅब हुशार असतो, हाही एक ताप. मी लंबवर्तुळ काढलं, पेन जरा जास्त वेळ टेकलेलं राहिलं, आणि आकार सुधारून देणाऱ्या ॲपने त्याचं सुबक वर्तुळ केलं. आता दोन नाभी ठेवू कुठे? "सर, दोन्ही मध्यावरच आल्या की," एक कार्टं म्हणालं. चूक नव्हतं ते. वर्तुळ हे लंबवर्तुळाचंच विशेष रूप असतं, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो; ॲपने उरकून टाकलं.

२०२० साली तर दोन्ही यंत्रं एकाच ऑनलाइन वर्गात शिरायची. लॅपटॉपवर तोंड, टॅबवर पेन. दोघांचे माइक आणि स्पीकर चालू राहिले की अशी कुईंऽ उठायची की गल्लीतली कुत्री साथ द्यायची. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने कपड्याच्या हँगरला मोबाइल टांगून फळा दाखवला आणि तो फोटो देशभर फिरला. सगळ्यांनी कौतुक केलं. बाईंना स्टँड का मिळाला नाही, हे विचारणारा फारसा कुणी भेटला नाही.

वस्तू घेऊन मोकळं व्हायचं, हा आपला जुना छंद. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बलांच्या हस्ते 'आकाश' आला. ३५ डॉलरचा टॅब म्हणून त्याची किंमतच गाजली. पडदा ७ इंची, तोही असा की नुसतं बोट टेकून भागायचं नाही, दाबावं लागायचं. आम्हा शिक्षकांना तेव्हाच ओळख पटायला हवी होती.

प्रशिक्षण मात्र होतं हं. तीन दिवस. पहिल्या दिवशी ईमेल उघडायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरल्यास काय करावं, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आणि वडापाव. टॅब लॅपटॉपला कसा लावायचा हे मी विचारलं तेव्हा साधनव्यक्ती म्हणाल्या, "ते तुमच्या आयटीच्या सरांना विचारा." आमचे आयटीचे सर माझ्या शेजारीच बसले होते, वही उघडून.

गेल्या महिन्यात ऑडिट लागलं. प्रत्येक वस्तूवर डेड स्टॉक रजिस्टरातला क्रमांक हवा, असा आदेश निघाला. बाकं, पंखे, घंटा, सगळ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे पडले. टॅब परत मिळाला तेव्हा त्याच्या पाठीवरही ठळक, वळणदार अक्षरात ११२/४ असं लिहिलेलं होतं. त्यातला ४ बरोब्बर कॅमेऱ्यावर.

भाऊसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, "क्रमांक बरोबर आहे, सर."