पेनसिल्व्हेनियात कोण येणार?

पुणे जिल्ह्यात लोणी नावाची इतकी गावं आहेत की वाकडेवाडीच्या स्टँडवर नुसतं 'लोणी' म्हणून भागत नाही. चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कुठलं? काळभोरांचं, कंदांचं, का भापकरांचं?" मागं रांगेतल्या आजींनी विख्यांचंही एक सुचवलं. ते नगर जिल्ह्यात आहे, पण आजींचा उत्साह जिल्ह्याची हद्द मानणारा नव्हता. "आंबेगाव तालुक्यातलं," मी म्हणालो. "मग लोणी-धामणी म्हणा की! मंचरला जा, तिथनं मिळंल." बाकीच्या लोण्यांना घरंदाज आडनावं आहेत. हे लोणी बिचारं शेजारच्या गावाचं नाव लावून फिरतं.

तारीख 6 नोव्हेंबर 2024. विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं. अर्ज मागं घेण्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती, चिन्हं वाटून झाली होती. अशा दिवसांत शहरातल्या संपादकांना ग्रामीण मतदाराची नाडी बघण्याची उबळ येते आणि स्वतःला धुळीचं वावडं असल्यामुळे ते दुसऱ्याला पाठवतात. आंबेगावची नाडी होतीही बघण्यासारखी. एका बाजूला 1990 पासून सात वेळा निवडून आलेले दिलीप वळसे पाटील. ते एके काळी शरद पवारांचे स्वीय सहायक, तेव्हा अजित पवारांच्या राष्ट्रवादीत. दुसऱ्या बाजूला देवदत्त निकम. ते भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष, पूर्वी वळसे पाटलांच्याच गोटातले, तेव्हा शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार. म्हणजे शिष्य गुरूला सोडून गेलेला, आणि शिष्याचा शिष्य त्याला सोडून थेट आजेगुरूकडे. संपादकांना हे फोनवर समजावून सांगता सांगता मीच कुणाच्या बाजूला आहे ते विसरलो.

चाकणच्या चौकात गेलेला वेळ मी प्रवासात धरत नाही. तो मुक्काम असतो. मंचरला एसटी बदलली आणि शेजारच्या धोतरवाल्या गृहस्थांना कामाचा प्रश्न विचारला, "काय म्हणतंय आंबेगाव?" त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पुढच्या सीटवरच्या डोक्याकडं, मग वळून मागच्या सीटकडं. आणि हळूच म्हणाले, "ट्रम्प येईल असं वाटतंय."

मंचरकडून पूर्वेला निघालं की डिंभ्याच्या कृपेनं काही काळ ऊसच ऊस दिसतो. मग तो विरळ होतो, माळ वर येतो, आणि धामणीचा खंडोबा मागं टाकून लोणी येईपर्यंत डिंभ्याचं पाणी हा पाण्याऐवजी बोलण्याचा विषय झालेला असतो. इथं कांदा, ज्वारी, बाजरी आणि उपसा योजनेची आश्वासनं ही मुख्य पिकं. बेल्हे-जेजुरी रस्त्याला चहाचं एक हॉटेल होतं, आत टीव्ही होता आणि टीव्हीसमोर दहा-बारा टोप्या. मी मनाशी म्हटलं, हीच ती नाडी.

"काय चाललंय?" मी बाकावर टेकत विचारलं.

"पेनसिल्व्हेनिया अडकलंय," हॉटेलवाले अण्णा चिंतेनं म्हणाले. "तिथं एकोणीस हायेत."

अमेरिकेतली मोजणी चालू होती. तिकडं मध्यरात्र उलटलेली, इकडं दुपारचे साडेबारा. निवृत्त मास्तर सगळ्यांना समजावत होते की एकूण 538 जण असतात, 270 मिळाले की राष्ट्राध्यक्ष. लोक मत देतात ते खरं म्हणजे या 538 जणांना, आणि मग ते निवडतात.

"म्हणजे सरपंच सदस्यांतनं," आप्पा म्हणाले. आप्पा कांदेवाले.

"तसंच म्हणा."

"मग थेट जनतेतनं का करत न्हाईत? आपल्याकडं 2017 ला केलं होतं की."

"2020 ला परत सदस्यांतनं केलं," दुसरी टोपी.

"आन् 2022 ला परत थेट," तिसरी. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते, हे लोणीला अंगवळणी पडलेलं. अमेरिका सव्वादोनशेहून जास्त वर्षं त्याच पद्धतीला चिकटून आहे, याचं सगळ्यांना फार आश्चर्य वाटलं. 2016 मध्ये हिलरी क्लिंटनबाईंना जवळपास 29 लाख मतं जास्त पडूनही त्या हरल्या, असं मास्तरांनी सांगताच आप्पांनी कप खाली ठेवला. "सदस्य फुटले का काय?"

"काही फुटले, पण त्यानं निकाल फिरला नाही."

"कुठं ठेवले होते त्यांना?" आप्पांना रिसॉर्टचं नाव हवं होतं.

मास्तरांनी मग आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक काढली. 2022 ला द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताची किंमत 175 होती, आणि हा आकडा 1971 च्या लोकसंख्येवरून काढतात. "एकाहत्तर?" कोपऱ्यातले तात्या म्हणाले. "म्हंजे त्यात मी धरलेलो हाय, आन् हा आप्पा न्हाई." पंचावन्नच्या आसपासचे आप्पा तेव्हा जन्मल्याचा पुरावा शोधू लागले.

मी संधी साधली. "बरं, इथं आंबेगावात काय वारं आहे?"

हॉटेलात एकदम शांतता पसरली. कढईतल्या भज्यांचा तेवढा आवाज राहिला. अण्णांनी फडकं घेऊन स्वच्छ असलेलं टेबल पुसलं. "वारं म्हंजे... तिकडं म्हाताऱ्याला येळंवर थांबवलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?"

"साहेबांनीच थांबायला पायजे होतं," तात्या म्हणाले.

"कुठल्या साहेबांनी?" चार आवाज एकदम.

तात्यांनी एक घोट घेतला. "बायडन साहेबांनी."

आदल्याच दिवशी बारामतीकडच्या सभेत शरद पवारांनी कुठंतरी थांबायला हवं अशी भाषा केली होती. इकडं वळसे पाटलांनाही सगळा तालुका साहेबच म्हणतो. तेव्हा या हॉटेलात 'साहेब' हा शब्द उघड्यावर टाकणं जोखमीचं. बायडन साहेबांचं तसं नव्हतं. जुलैत, वयाच्या 81 व्या वर्षी त्यांनी उमेदवारी सोडली, आता त्यांच्यावर कुणीही बोलावं. मास्तरांनी भर घातली की तिथं एका माणसाला दोनदाच निवडून येता येतं, 1951 पासून तसं घटनेतच आहे. "दोनदाच?" आप्पांनी विचारलं, आणि सगळ्या टोप्या नकळत भिंतीवरच्या पतसंस्थेच्या कॅलेंडरकडं वळल्या. कॅलेंडरवर कुणाचा फोटो होता ते मी सांगू शकत नाही. अण्णांनी आचारसंहिता म्हणून त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा अडाणी माणसांच्या कुतूहलाचा कार्यक्रम नव्हता. इथं प्रत्येकाचा ऊस, नाही तर मेहुण्याचा ऊस, कुठल्या तरी कारखान्याला जातो. सोसायटीचं कर्ज असतं, दूध डेअरीला असतं, भाची कुणाच्या तरी संस्थेत शिक्षिका असते. ट्रम्पचा कारखाना आंबेगावात नाही. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमलाताई हॅरिस सोसायटीच्या चेअरमन नाहीत. त्यांच्यावर टेबल आपटून बोलता येतं आणि संध्याकाळी सुखानं जेवता येतं.

त्यातही नाती शोधून झाली होतीच. हॅरिसबाईंची आई तामिळनाडूकडची, बाईंच्या आजोळच्या गावी देवळात पूजा घातलेली. ट्रम्पच्या जोडीदाराची, व्हान्सची, बायको उषा तेलुगू घराण्यातली. "एकीकडं भाची, दुसरीकडं जावई," अण्णा म्हणाले. "पावण्यारावळ्यांनी कुणाला द्यायचं मत?" हे मात्र नक्की कुठल्या निवडणुकीबद्दल होतं, मी विचारलं नाही.

चर्चा आंदोलनाकडं वळली ती एका पोराच्या मोबाइलमुळं. त्यानं 6 जानेवारी 2021 चा, ट्रम्पसमर्थक संसदेच्या इमारतीत घुसतानाचा व्हिडिओ काढला. तात्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला आणि मान हलवली. "संघटना न्हाई यांच्यात." तात्यांचा शब्द या बाबतीत अखेरचा. ते मुंबईच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर सामंतांनी संप पुकारला आणि तो रीतसर मागं घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. त्या हिशेबानं तात्या अजून संपावर आहेत. फक्त वेळ जावा म्हणून शेती करतात.

"पडल्यावर संसदेत घुसायचं, ही काय पद्धत झाली?" आप्पा म्हणाले. "आमच्याकडं पडलेला मानूस गपगुमान दुसऱ्या पक्षात घुसतो. काच फुटत न्हाई."

मग मराठा आंदोलनातल्या जरांगे पाटलांनी परवा उमेदवार उभे न करण्याचं ठरवलं, ते बरोबर की चूक, यावर दोन वाक्यं झाली. पण ती इतक्या हळू आवाजात झाली की माझ्यापर्यंत फक्त 'पाटील' हा शब्द आला, आणि तोही कुठला, ते कळलं नाही.

पुन्हा आवाज चढला तो टॅरिफवर. ट्रम्प परदेशी मालावर जबर कर लावणार, चीनच्या मालावर साठ टक्के लावीन म्हणतो, असं टीव्ही सांगत होता. तात्या उठूनच उभे राहिले. "परदेशी माल आडवायला आमाला ट्रम्पनं शिकवू नये! बाबू गेनू कुठला?"

"महाळुंगे पडवळ," दहा तोंडं. त्या नावाला या तालुक्यात पक्ष नाही. गिरणीतला साधा कामगार, 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि लॉरी अंगावरून गेली. डिंभे धरणाला त्याचंच नाव आहे. क्षणभर सगळे नुसते बसले. मग आप्पांनी हिशेब पुढं नेला.

"तरी मला ट्रम्पचं एक पटतं. त्याचा कर बाहेरनं येणाऱ्या मालावर. आपला कर बाहेर जाणाऱ्या कांद्यावर! डिसेंबरात निर्यात बंद केली. मे महिन्यात उठवली तर चाळीस टक्के शुल्क. आता सप्टेंबरात ईस केलं, आन् म्हणत्यात आनंद माना. बाबू गेनूनं परक्याची लॉरी आडवली. आमची लॉरी आमचेच आडवत्यात, आन् खाली झोपायचं ते बी आमीच."

लोकसभेला या कांद्यानं इथल्या शिरूर मतदारसंघात काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. अमोल कोल्हे मोठ्या फरकानं निवडून आले होते. पण ते बोलून दाखवायची गरज कुणाला वाटली नाही. कांद्यावर बोलताना आप्पांचा आवाज स्थानिक विषय असूनही उतरला नाही, ही मात्र मी वहीत नोंद केली. नाडीचा तेवढाच एक ठोका लागला.

दरम्यान भजी तळणाऱ्या मावशी बाहेर आल्या. इलॉन मस्क नावाचा माणूस काठावरच्या राज्यांतल्या मतदारांपैकी रोज एकाला दहा लाख डॉलर देतो, हे त्यांनी ऐकलं होतं. "रोज एकालाच? मग बाकीच्यांनी काय बघत बसायचं?" लाडक्या बहिणीचे दीडहजार त्यांच्या खात्यात जमा झाले होते. काल एका बाजूनं एकवीसशे देऊ म्हटलं होतं, दुसरी बाजू आज मुंबईत तीन हजार जाहीर करणार अशी बोली होती. "मस्काला म्हणावं, थोडं थोडं दे, पण समद्यांना दे. आन् आधार लिंक करून घे."

"मग मावशी, तुमचं मत कुणाला?" मी चटकन विचारलं.

"माझं? कमळाबाईला होतं. पण ती पडली म्हणं." त्या परत कढईकडं गेल्या. कमळाबाई म्हणजे हॅरिस, की महाराष्ट्रात त्या नावानं ओळखला जाणारा पक्ष, यावर त्या गेल्यावर बराच खल झाला.

एवढ्यात अण्णांचा न्यू जर्सीतला भाचा व्हिडिओवर आला. तिथं रात्रीचे अडीच. "कुणाला मत दिलंस?" गावानं एकमुखानं विचारलं. त्याला तिथं मत नव्हतं, कामाच्या व्हिसावर असलेल्याला नसतं. आणि वीस तारखेला इथं यायला रजा नव्हती. दोन्ही निवडणुकांवर हक्कानं बोलू शकेल असा लोणीचा हा एकमेव माणूस, आणि त्याला दोन्हीकडं बटण दाबता येत नव्हतं. "पण मामा, इथं आमच्या ग्रुपवर आंबेगावचंच चाललंय," तो म्हणाला. "मी तर सरळ सांगितलं, यंदा..." अण्णांनी झटकन फोन उपडा केला. "रेंज गेली," ते म्हणाले.

एकच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया ट्रम्पकडं गेलं. पोरांनी आरोळी ठोकली, "ट्रम्प आला! ट्रम्प आला!" नेमकी त्याच वेळी तुतारीवाल्यांची प्रचाराची जीप दारात थांबली आणि आतला कार्यकर्ता पांढराफटक पडला.

त्याचं भय खरं होतं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणखी एक चिन्ह आहे, लोक ज्याला पिपाणी म्हणतात. लोकसभेला त्याचंही मराठी नाव 'तुतारी'च छापलं होतं. साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं मिळाली. ओरड झाल्यावर नाव बदललं आणि विधानसभेला ते 'ट्रम्पेट' झालं. आंबेगावात ते ज्या उमेदवाराला मिळालं त्याचंही नाव देवदत्त निकम.

"असं नका ना ओरडू रस्त्यावर!" तो काकुळतीला आला. "आजी, बघा, ह्यो मानूस. मानूस असल तिथंच दाबायचं."

बाकावरच्या आजींनी पत्रक लांब धरून बघितलं. "पर पोरं तर म्हनत्यात, ट्रम्पेट निवडून आलं. मग आता परत कशाला मत?"

23 तारखेला निकाल लागला. वळसे पाटील आठव्यांदा निवडून आले, 1,523 मतांनी. ट्रम्पेटवाल्या निकमांना 2,965 मतं होती. मी उत्साहानं अण्णांना फोन लावला आणि गावात या आकड्यांवर काय बोललं जातंय ते विचारलं. मागं कपबशांचा आवाज येत होता, म्हणजे हॉटेल भरलेलं होतं. अण्णा जरा थांबले.

"काय न्हाई वो," ते म्हणाले. "तिकडं ट्रम्पनं मंत्रिमंडळात कुणाकुणाला घेतलंय, बघितलं का तुमी?"