गेज किती?

पत्रा कापणाऱ्या माणसाच्या मागे येऊन उभा राहणारा एक इसम कोकणातल्या प्रत्येक वाडीत असतो. तो मदत करत नाही आणि जातही नाही. मालवणाकडच्या आमच्या वाडीत हे पद अण्णांकडे आहे. परळच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होऊन गावी आले आणि पडवीच्या कोपऱ्यात व्हाइस ठोकून बसले. पन्हळ, झाकणे, कोंबड्यांच्या खुराड्याचे दार, काही ना काही चालूच असते. गिऱ्हाईक बहुधा कोणी नसते.

आणि तोंडात एकच प्रश्न, "गेज किती?"

खिशात खाचांची गोल तबकडी. पत्रा दिसला की खाचेत घालून बघायचा. आकडा वाढला की जाडी कमी, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी ते पुढे बोलत नाहीत. १८ चा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास, २६ चा अर्धा. इथवर ठीक. पण अण्णा घावनसुद्धा उजेडात धरून बघतात. "सव्वीस. बरा जमला." आंबोळीला सोळा. दशावतारात राजा तलवार उपसून गर्जतो, सगळे स्तब्ध, आणि मागून अण्णा, "कितीची रे ती?" शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाचा गेज चहा संपायच्या आत लागला. "बावीस. वाकतलो, पण मोडूचो नाय." लग्न ठरले. माझा त्यांनी चारचौघांत तीस सांगितला आहे. त्याच्यापुढे म्हणे चॉकलेटचा कागद लागतो.

हॅक्सॉ हातात घेतलात तर संपलेच. इंचाला ३२ दातांचे बारीक पाते असले तरी दोन दातांमध्ये पाऊण मिलिमीटरहून जास्त अंतर. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा त्या फटीत अडकणार आणि फाटणार. मग तो दोन प्लायवूडमध्ये दाबून लाकडासकट कापा. त्यापेक्षा कात्री बरी. पण तिची पाती पूर्ण मिटायची नाहीत, टोक मिटायच्या आधी पुढे सरकायचे. नाहीतर दर खेपेला कडेवर एक बोचरा दात उमटतो. हे सारे ऐकून वैतागलेला माणूस कडेवरून बोट फिरवतो, रक्त येते, आणि अण्णा शांतपणे कानस पुढे करतात. पुतण्याने दुबईहून तीन कात्र्या पाठवल्या. लाल मुठीची डाव्या वळणाला, हिरवी उजव्या, पिवळी सरळ. "वाडयेत एक सिग्नल नाय, माझ्या पेटयेत तीन!"

खरा शत्रू ग्राइंडर. पलीकडचा वेल्डिंगवाला पोरगा पत्र्याला चकती लावतो आणि कुंपणावरून आरोळी येते, "जस्त जळतला मेल्या!" दुर्दैवाने ते बरोबर असतात. चकतीच्या उष्णतेने कडेवरचा जस्ताचा मुलामा जातो, तापलेली किटाळे पत्र्याला चिकटून बसतात आणि पहिल्या पावसात, खाऱ्या वाऱ्यात, तिथे तांबूस ठिपके उठतात. चुकणाऱ्या माणसाला माफ करता येते हो, बरोबर असणाऱ्याचे काय करायचे?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. छपरे उडाली, माड पडले, वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. ग्राइंडर मुका झाला. अण्णा कात्री घेऊन घरोघर फिरले. वाकलेले पत्रे ठोकून सरळ करायचे, फाटका भाग कापायचा, ठिगळ बसवायचे. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पैशांचे नाव नाही. आमच्या पडवीवरचा एक तुकडा त्यांतलाच. त्याला अजून गंज चढलेला नाही, हे मी त्यांना सांगितलेले नाही. सांगितले तर दिवाळीपर्यंत ऐकावे लागेल.

परवा मीच डिवचले, "अण्णानू, मुंबयच्या तुमच्या झिलांचो गेज किती?"

तबकडी बोटांत फिरत होती.

"गेज बघूक पत्रो हातात होयो रे. ते हंय येवूक होये ना!"

पुढे काय बोलावे ते मला सुचेना. तेवढ्यात पलीकडे ग्राइंडर घरघरला आणि अण्णा चप्पल न घालताच कुंपणाकडे धावले, "मेल्या, जस्त!"