पिंगळा : १

फेब्रुवारीत चार दिवस जगभरची हौशी माणसं अंगणातले पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसतील ते मोजायचे आणि ‘ईबर्ड’वर टाकायचे. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेला हा उद्योग भारतात २०१३ पासून आहे. नरडाण्यात तो माझ्यापासून सुरू झाला, असा माझा समज आहे.

पहिल्या दिवशी स्टेशनजवळ उभा राहिलो. पारवे चाळीस भरले. तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली, सगळे उडाले, गरगर फिरून परत बसले. आता हे तेच चाळीस, की भुसावळकडून आलेले पाहुणे? चाळीसचे साठ केले, मग लाज वाटून पंचेचाळीस. एक रिक्षावाला मघापासून बघत होता.

‘काय मोजी राहिनात, भाऊ?’

‘पाखरं.’

‘कितला पैसा भेटतस?’

‘काहीच नही.’

त्याच्या नजरेवरून शेहेचाळिसावा पारवा मीच असावा.

खरी भानगड तिसऱ्या दिवशी झाली. बांधावर पऱ्हाट्यांच्या ढिगामागे जुना निंब आहे. त्याच्या ढोलीत, सकाळी नऊ वाजता, एक घुबड! झालं, माझ्या डोक्यात शहादं शिरलं. १८८४ नंतर कुणाच्याच हाती न लागलेला रानपिंगळा पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. शहादं तेव्हा आमच्याच धुळे जिल्ह्यात. म्हणजे पक्षी नात्यातलाच. शिवाय तो दिवसाढवळ्या हिंडतो. ‘रानपिंगळा : १’ असं टाकलं आणि पाव किलो पेढे घेऊनच घरी गेलो.

संध्याकाळी नोंदी तपासणाऱ्या कुणा स्वयंसेवकाचं नम्र पत्र आलं. फोटो आहे का? डोक्यावर ठिपके होते का?

फोटो मोठा करून पाहिला. डोक्यावर पांढरे ठिपके, साबुदाणा सांडल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. हा आपला गावोगावचा पिंगळा.

माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज कर्नलनं तर लंडनच्या संग्रहालयातला रानपिंगळा चोरून त्याला १९१४ सालची खोटी चिठ्ठी डकवली होती. मी निदान चोरी तरी केली नव्हती. मुकाट्यानं नोंद दुरुस्त केली. पारवे पंचेचाळीसच ठेवले.

‘पेढे कशाचे हो?’ बायकोनं विचारलं.

‘पिंगळा दिसला.’

‘तो? तो तर रोज रात्री आपल्या पत्र्यावर ओरडतो. मला विचारायचं ना!’