मागील वेतनाचा रकाना

कला-विज्ञानात रमलेल्या ज्यू स्त्रियांसाठी ठेवलेल्या अनुदानाचा अर्ज तीन प्रतींत भरताना ‘सध्याचे पद’ आणि ‘मागील वेतन’ हे रकाने आले, की एमी नोएथर या गणितज्ञ विदुषीचे स्मरण होते. कारण १९१५ पासून चार वर्षे गॉटिंगेन विद्यापीठात जिची व्याख्याने तेथील गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत आणि जिच्या पदरी दमडीही पडत नसे, तिने १९१८ साली भौतिकशास्त्रातील सममिती व अक्षय्यतेचे नियम यांचे नाते सिद्ध करूनही, पहिल्या रकान्यात परपुरुषाचे नाव आणि दुसऱ्यात शून्य, याखेरीज काय लिहिले असते? ती ज्यू असल्याची दखल १९३३ साली नाझी दफ्तराने मात्र विनाअर्ज, विनाशिफारस घेतली आणि तिला बडतर्फ केले. बहिष्काराचा कारभार असा तत्पर. प्रमाणपत्रे, दाखले आणि मुदती लागतात त्या केवळ साहाय्याला!